आईचा फोन मला उचलता आला नाही

मंडळी, या ई-मेल गटात मी एरवी नुसतं वाचतो. आज लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझी आई नागपूरला हॉस्पिटलमध्ये आहे. दोन महिन्यांपूर्वी तिला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. तेव्हापासून घरचा फोन वाजला की माझ्या छातीत धडधडतं, हात गार पडतात.

आज सकाळी, नागपूरपासून इतक्या लांब, इकडे जे. पी. नगरच्या घरी मी एकटाच होतो. फोन वाजला. मी उठून फोनसमोर जाऊन उभा राहिलो, पण हात पुढे होईना. तोंडाला कोरड पडली, घाम फुटला. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. मी तसाच उभा.

सारखा वाजणारा फोन ऐकून शेजारच्या कानडी अक्का आल्या. "स्वल्प, थोडं पाणी घ्या हो आधी," म्हणत त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

तासाभराने धीर करून मी नागपूरला आईजवळ असलेल्या ताईला फोन लावला. ती रडत होती.

"कुठे होतास रे? सकाळी आईला बोलता आलं. तुझंच नाव घेत होती, म्हणून चाकांच्या खुर्चीवरून तिला फोनपर्यंत नेलं. आता शुद्धीत नाहीये ती."

"बाहेर गेलो होतो," मी खोटं बोललो.

डॉक्टरांनी आशा सोडली आहे. मी संध्याकाळच्या गाडीने निघतोय.

भीतीने शरीर असं गोठतं, हे मी वाचलं होतं. पण ताईला हे सांगू कसं? तुम्ही सांगितलं असतं का?