पूर्वेला म्हणण्यासारखी वस्ती नाही

"तू दाराजोळ बस. तुह्या अंगावरचा वारा बाहेर गेला पायजे."

गुरुजींनी हे सगळ्या वर्गासमोर सांगितलं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं आमचं गाव, चौथीचा वर्ग. खिडक्या पश्चिमेला, दार पूर्वेला. वारा खिडकीतून यायचा, सगळ्या पोरापोरींवरून फिरायचा आणि शेवटी माझ्यावरून बाहेर पडायचा. पोरी फ्रॉकची टोकं नाकाला लावून हसत होत्या. मी पाटी उचलली. दारात जाऊन बसले. वर्षभर तीच माझी जागा.

माझी आई रानोमाळ हिंडून हाडं वेचायची. मेलेल्या ढोरांची. पोत्यात भरून अकोल्याच्या व्यापाऱ्याला विकायची. त्यातूनच माझी पाटी आली, फ्रॉक आला. वास येत असेल, मी नाही म्हणत नाही. पण ढोरं ज्यांची होती त्यांच्या पोरांना वास नव्हता. ढोर जिवंत असेपर्यंत त्यांची लक्ष्मी. मेलं की आमचं.

घरी येऊन रडले. आई फाटकं पोतं शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "कावून रडून राहिली? दारातच बसवलं ना, दाराबाहेर तं नाई? शीक मंग."

शिकले. अमरावतीत रसायनशास्त्र घेतलं आणि प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यात लागले. वाटलं, सुटले. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी शहरातले सगळे नाले आणि कत्तलखाने माझ्याकडे दिले. "तुम्हाला सवय असेल," म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले. बाकीचे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

पुढे चढत गेले. जिल्हा, विभाग, मुंबई. केस पांढरे झाले तेव्हा खात्याच्या सगळ्यात वरच्या खुर्चीत बसले. लोक पुष्पगुच्छ घेऊन आले. एकजण म्हणाला, मॅडम, तुम्ही आरक्षणाचं सोनं केलंत. माझ्या रात्रंदिवसाच्या कामाचं काय झालं, ते त्याने विचारलं नाही. मी त्याला चहा पाजला.

इकडे वऱ्हाडात वाईट वर्षं सुरू होती. पाऊस दगा देत होता, चारा संपला होता. लोकांनी बैल बाजारात नेले. जे विकले गेले नाहीत ते गोठ्यात मेले. गावोगावी सुतक, आणि हाडं दळणाऱ्या कारखान्याची दिवाळी. तो कारखाना तोवर आमच्याच गावाजवळ उभा राहिला होता. आता मालकाला तो तिप्पट करायचा होता. प्रस्ताव माझ्यासमोर आला.

परवानगी समितीच्या बैठकीत कारखान्याचा सल्लागार बोलायला उभा राहिला. पुण्याचा, इस्त्रीचा सदरा, गोड आवाज. म्हणाला, काळजीचं कारण नाही. या भागात वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, गाव कारखान्याच्या पश्चिमेला, म्हणून सुरक्षित आहे. "आणि पूर्वेला म्हणण्यासारखी वस्ती नाही."

माझ्या हातातला पेन थांबला.

पूर्वेला आमची वस्ती. आजोबांची, पणजोबांची. माझी आई अजून तिथेच राहते, मुंबईला यायला तयार नाही. फोनवर बोलताना तिला दम लागतो. लहानपणी मला वाटायचं, तिकडे जागा मोकळी होती म्हणून आम्ही तिकडे. त्या दिवशी त्या गार खोलीत मला लख्ख कळलं. गाव वसवणाऱ्यांनीही आधी वारा पाहिला होता. आमच्यावरून गेलेला वारा त्यांना नको होता. गुरुजींनी वर्गात तेच केलं. आणि हा शिकलेला माणूस तेच करत होता, फक्त शुद्ध भाषेत.

मी विचारलं, "पूर्वेला कोण राहतं?"

तो म्हणाला, काही घरं आहेत, पण तक्रार एकही नाही. त्यांना सवय आहे.

पुन्हा तोच शब्द. या वेळी मी हसले नाही. मी म्हटलं, जागा बघू. शेजारी बसलेले समितीचे एक सदस्य माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले की मी हे वैयक्तिक घेते आहे. मी म्हटलं, "वैयक्तिकच आहे. तिथे श्वास माझी आई घेते. हे लिहून घ्या."

आम्ही सगळे गावात गेलो. बसायला शाळाच होती. तीच खोली, त्याच खिडक्या. मालकाच्या आणि सल्लागाराच्या खुर्च्या मी दारात ठेवायला लावल्या. दारापुढे कारखाना, त्याच्या पलीकडे वस्ती. वस्तीतल्या बायका आत बसल्या. माझी आईही. थोड्या वेळाने वारा उलटला, तसा कधीमधी उलटतो. कारखान्यावरून आला आणि थेट दारात घुसला. सल्लागाराने रुमाल काढला. मालकाने काढला. बायका नुसत्या बघत होत्या.

आई म्हणाली, "बाई, त्याईले आत घे. सवय नाई त्याईले."

तिने टोमणा मारला की तिला खरंच कीव आली, मला माहीत नाही. मी त्यांना आत घेतलं नाही. म्हटलं, "रुमाल खाली ठेवा. बायका बोलतील ते नाक उघडं ठेवून ऐका."

बायका संध्याकाळपर्यंत बोलल्या. परवानगी मी नाकारली.

आता माझी बदली होणार म्हणतात. मंत्रालयातून फोन येऊन गेले, समजुतीचे आणि दमदाटीचेही. होऊ द्या बदली. कुठल्याही खुर्चीत बसवा. समोर नकाशा पसरलात की मी आधी वाऱ्याची दिशा बघीन आणि विचारीन, वारा जातो तिकडे कोण राहतं. कोणी नाही, असं उत्तर आलं, तर माझी सही मिळणार नाही.