दक्षिणेकडच्या खोलीचा निवाडा

सरकारी बांधकाम खात्यातून मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि लवादाची कामं करू लागलो. घरमालक आणि कंत्राटदार यांचं बिनसलं की कोर्टात वर्षं घालवण्यापेक्षा दोघं मिळून एका तिसऱ्या माणसाला नेमतात. तो जागा पाहतो, दोघांचं ऐकतो, निवाडा देतो. अशी बरीच भांडणं मी मिटवली. त्यातली बहुतेक आता आठवतही नाहीत. हे एक मात्र जात नाही.

कोथरूडमध्ये तेव्हा जिकडेतिकडे बंगले उठत होते. त्यातलाच एक, एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा. घराचं जोतं झालं आणि त्यांचे यजमान हृदयविकारानं गेले. पुढचं बांधकाम बाईंनी एकटीनं करवून घेतलं. राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी दक्षिणेकडच्या खोलीच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली तिरकी भेग गेली. हाताचं बोट आत जाईल एवढी.

कंत्राटदार साठीचा होता. मंडईमागच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारं मुसलमान घर. गवंड्याच्या हाताखाली सुरुवात करून तो स्वतःच्या हिमतीवर कंत्राटदार झाला होता. मी त्याची दुसरी कामं पाहून आलो. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती.

पहिल्या भेटीत मी भेगेवर आडव्या तीन काचेच्या पट्ट्या बसवल्या. भिंत अजून हलत असेल तर काच तडकते. पंधरा दिवसांनी गेलो तर तिन्ही पट्ट्या तडकलेल्या.

"दुपारी घरात सामसूम असते ना, तेव्हा आवाज येतो," बाई म्हणाल्या. "कोणीतरी बोटं मोडल्यासारखा. मी काही घाबरट बाई नाही, पण त्या खोलीत आताशा बसत नाही."

मी कंत्राटदाराकडे वळलो. "पाया खचतोय. काय कारण?"

तो भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, ही खोली नकाशात दोन फुटांनी लहान होती. बाईंनी वाढवायला सांगितली. मी नको म्हटलं होतं."

"नको म्हटलं होतं, खरं आहे," बाई म्हणाल्या. "का नको, ते विचारलं तर तोंडातून शब्द नाही. अहो, तीन वर्षांनी भेग पडली की मग कारणं सुचतात. मग मी कंत्राटदार कशाला नेमला? ज्योतिषीच नेमला असता."

"जमिनीत काही दोष होता का?" मी विचारलं.

"इथं नुसतं माळरान होतं," बाईंनीच उत्तर दिलं. कंत्राटदारानं मान खाली घातली.

मी म्हटलं, भिंतीलगत खड्डा घेऊ, म्हणजे कळेलच. आणि हा माणूस, जो आतापर्यंत हळू आवाजात बोलत होता, एकदम म्हणाला, "नको साहेब. खणू नका. चूक माझीच धरा."

माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवानं मला सांगितलं की खड्ड्याला घाबरणाऱ्या माणसानं पायाच्या कामात चोरी केलेली असते. मी वहीत तसं लिहून घेतलं. कबुली मिळाल्यावर खणायची गरज उरली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी तो माझ्या घरी आला. मी दार उघडलं तेव्हा त्यानं चपला आधीच काढून ठेवल्या होत्या.

"साहेब, दोन मिनिटं. बाईंच्या माघारी एक गोष्ट सांगायची होती."

"त्यांच्या माघारी मला काही ऐकता येणार नाही. नियम आहे. जे असेल ते बैठकीत सांगा."

"तिथं सांगता येत नाही, म्हणून तर आलो."

"मग सांगू नका," मी म्हणालो.

त्यानं दोनदा मान हलवली, चपला घातल्या आणि कठड्याला धरून जिना उतरला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आतून बायकोनं विचारलं, "कोण होतं?" मी म्हणालो, "कोणी नाही."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला होता.

निवाडा बाईंच्या बाजूनं गेला. भिंतीखालचा पाया नव्यानं भक्कम करून द्यायचा, सगळं कंत्राटदारानं स्वखर्चानं. त्यानं हरकत घेतली नाही. एकच मागणी केली, काम चालू असताना बाईंनी घरात राहू नये. बाई पंधरा दिवस बहिणीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा भिंत बुजवून, रंग देऊन तयार होती. भेग पुन्हा आली नाही. मात्र कोथरूडमध्ये त्याचं नाव खराब झालं. लवादानं दोषी ठरवलेल्या माणसाला कोण घर बांधायला देणार?

वीस-बावीस वर्षं गेली. बाईंनी बंगला पाडून तिथं इमारत बांधायला दिली. एके दिवशी त्यांचा फोन आला. "तुम्ही आत्ता येऊ शकाल का?" आवाज ओळखू येत नव्हता.

मी गेलो. खोदाईचं मशीन थांबवलेलं होतं. दक्षिणेकडच्या खोलीच्या जागी, जमिनीत, काळ्या दगडांचं एक मोठं कडं उघडं पडलं होतं. विहीर. आत दगडमाती ठासून भरलेली. तिच्यावरून एक जाडजूड काँक्रीटची तुळई पलीकडे गेली होती, अगदी शिस्तीत बांधलेली. जुन्या नकाशात खोलीची भिंत जिथं होती, बरोबर तिच्या रेषेत. वाढवलेले दोन फूट तुळईच्या बाहेर, विहिरीतल्या पोकळ भरावावर आले होते. त्या भागाखाली मात्र कुणीतरी घट्ट मुरुमापर्यंत खोल जाऊन नव्यानं काँक्रीट भरलं होतं.

मी तिथंच विटांच्या ढिगावर बसलो. अभियंत्याला ते वाचायला एक मिनिटही लागत नाही.

बाई कडेपासून बऱ्याच लांब, फाटकाला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमची एक मुलगी होती. पाच वर्षांची असताना माझ्या माहेरच्या विहिरीत गेली. त्यानंतर ज्या घरात विहीर त्या घरात मी पाणीही प्यायले नाही. ह्यांना ते ठाऊक होतं."

"तुम्ही तर म्हणाला होतात, माळरान होतं."

"ह्यांनी सांगितलं होतं तसं. माझी नोकरी तेव्हा साताऱ्याला. मी ही जागा पहिल्यांदा पाहिली ती जोतं झाल्यावर."

म्हणजे त्यांनी माळरान पाहिलंच नव्हतं. तुम्ही स्वतः पाहिलं होतं का, एवढा एक प्रश्न मी विचारायचा होतो. कुठलाही नवशिका वकील विचारतो तो प्रश्न.

दोन दिवसांनी आम्ही दोघं मंडईमागच्या गल्लीत गेलो. कंत्राटदार दोन वर्षांपूर्वी वारला होता. दार त्याच्या मुलीनं उघडलं. ती एका शाळेत गणित शिकवत होती. बाईंनी ओळख सांगितली तशी तिनं आम्हाला आत घेतलं, खुर्च्या पुसल्या, सरबत आणलं.

"विहीर सापडली," बाई म्हणाल्या.

तिनं हातातला ट्रे टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "अब्बांनी तुमच्या यजमानांना जबान दिली होती. बाईंना कधी कळू द्यायचं नाही म्हणून. ते गेले, मग ती परत कुणाला करणार? अम्मी फार चिडायची त्यांच्यावर. दर पावसाळा संपला की अब्बा मला स्कूटर काढायला लावायचे. कोथरूडला तुमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे थांबायचे. भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, चल, ठीक आहे."

मी तिला रविवारची गोष्ट सांगितली. ते आले होते, मी ऐकून घेतलं नाही.

"ठाऊक आहे मला. घरी येऊन म्हणाले, साहेबांनी ऐकलं नाही ते बरंच झालं. माझी नियत डगमगली होती."

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. तिनं तर मला जवळपास सोडूनच दिलं होतं. पण मी सरबताचा पेला तसाच खाली ठेवला.

बाईंनी पर्समधून एक कागद काढला. 'भिंतीच्या भेगेत कंत्राटदाराचा काही दोष नव्हता, दोष माझ्या हट्टाचा होता,' असं त्यांनी वळणदार अक्षरात लिहून आणलं होतं. खाली मीही सही केली. दिलेला निवाडा असा फिरवता येत नाही, कायद्यानं त्या कागदाला काही अर्थ नव्हता. मुलीनं तो दोनदा वाचला आणि भावाला दाखवायला म्हणून बाजूला ठेवला.

परतताना रिक्षात बाईंनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही त्यांचं ऐकलं असतं, तर मला सांगितलं असतंत?"

नियमानं सांगावं लागलं असतं. आणि मग त्या घरात त्या एक दिवसही राहिल्या नसत्या. मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. इमारत झाली तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याचा फ्लॅट भाच्याला दिला आणि स्वतः बहिणीकडे राहायला गेल्या. मी त्यानंतर एकही निवाडा दिला नाही. लोक अजून कधीकधी विचारायला येतात. मी त्यांना बसवतो, चहा देतो, सगळं ऐकून घेतो आणि दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगतो.