दुसऱ्या इमारतीतली मुलगी

मला मुलगी नाही. एक मुलगा आहे, तो नोकरीला लागला. पण नांदेडकडच्या पालकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी जवळजवळ वर्षभर एका मुलीचा बाप होतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, कारण त्या ग्रुपवर ती हयात नव्हती.

माझं काम जाहिरातींचं. आधी फ्लेक्स करायचो, मग दुकानांची फेसबुक पानं सांभाळू लागलो. लातूरच्या एका मुलींच्या हॉस्टेलचं काम आलं. मी केलेली जाहिरात पाहून मालक हसले. "ही कोण वाचतंय? पालक पालकाचं ऐकतात. तुम्ही ग्रुपात घुसा."

"मला मुलगी नाही हो."

"मग उसनी घ्या की."

घेतली. नवा नंबर काढला आणि लिहिलं की माझी लेक मेडिकलची तयारी करते, अमुक हॉस्टेलात राहते, तिला आई नाही, म्हणून फार चौकशी करून जागा निवडली. 'आई नाही' हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विश्वास बसावा म्हणून ते मीच घातलं. लिहीत होतो तेव्हा बायको आतून विचारत होती, चहात आलं टाकू का.

त्याच ग्रुपवर लातूरची एक मेसवाली होती. आल्या आल्या तिनं सांगून टाकलं होतं, मी मेस चालवते, गिऱ्हाईक पाहिजे म्हणून आले. भाजी बिघडली की स्वतःच लिहायची. "मावशी, आज मीठ टाकलं का?" म्हणून लोक तिला चिडवायचे, आणि पोरींना तिच्याकडेच जेवायला लावायचे. हॉस्टेलच्या मालकांनाही असं स्वतःच्या नावानं येता आलं असतं. मी त्यांना ते सुचवलं नाही. मग माझं काय काम उरलं असतं?

नांदेडात घरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी माझ्या शब्दावर त्यांची मुलगी तिथं ठेवली. रविवारी लातूरला जो निघेल त्यानं इतरांच्या पोरांचेही डबे न्यायचे, अशी ग्रुपाची रीत होती. एकदा बाईंनी लिहिलं, "भाऊ, तुमच्या लेकीला धपाटे आणते. बिनआईचं लेकरू." मी घाबरलो. त्या दिवशी मीही लातुरातच आहे, स्टँडवर डबा द्या, मी पोचवतो, असं कळवून पहाटेची गाडी धरली.

बाई लेकीला भेटून हॉस्टेलवरूनच स्टँडवर आल्या होत्या. डबा हातात देऊन म्हणाल्या, "भाऊ, आमची लई कुरकुर करून राहिली. पाण्याला वास येतो म्हणती, पोट दुखतं म्हणती. मी म्हणलं, भाऊंची पोरगी तिथंच राहती, तिला काही होत न्हाई, मग तुलाच कसं होतं? अभ्यास नको, दुसरं काय."

मी डबा पिशवीत ठेवला.

"वर मलाच म्हणती, ती पोरगी एकदा दाव मला."

"ती दुसऱ्या इमारतीत आहे," ग्रुपवर लिहिलेलंच मी पुन्हा म्हणालो.

"हाव, तेच सांगितलं मी. घरी नेऊ का हो हिला थोडे दिवस?"

पाण्याचं मला माहीत होतं. टाकी कधी धुतात, हे मी मालकांना एकदा विचारलं होतं, आणि त्यांनी विषय बदलला होता. तरी मी म्हणालो, "नेऊ नका. सवय मोडते. सुरुवातीला होतं तसं."

बाईंना हायसं वाटलेलं दिसलं. परतीच्या एसटीत मी ते धपाटे खाल्ले. टाकवले नाहीत. शेंगदाण्याची चटणी वेगळ्या पुडीत बांधलेली होती.

पुढं मुलीला कावीळ झाली. दवाखाना झाला, परीक्षा हुकली, ती घरी आली. मला वाटलं, बाई आता ग्रुपवर माझे वाभाडे काढतील. त्यांनी मला एकट्याला लिहिलं, "भाऊ, तुमच्या लेकीला जपा. पाणी उकळून प्यायला सांगा." आणि खाली, "आमची माझ्याशी बोलंना. म्हणती, तू माझं न्हाई ऐकलं, त्या पोरीचं ऐकलं."

मी उत्तर दिलं नाही. ग्रुप सोडला, नंबर बंद केला, ते कामही सोडलं. मालकांनी दुसरा माणूस बघितला असेल.

डबा ऑफिसच्या कपाटात आहे. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, आणि त्यात काय भरू म्हणून बायकोला विचारायचं तर सगळंच सांगावं लागेल. आजवर हे कारण मला पुरलं. खरं तर डब्याचं काही नाही. दुसऱ्या इमारतीत कुणी मुलगी नव्हती, तुमची लेक खरं बोलत होती, हे त्या बाईंना, त्यांच्या लेकीसमोर, माझ्या खऱ्या नावानं सांगणं, एवढं देणं मी लागतो. ते अजून दिलेलं नाही.