शेवटच्या पाळ्यांतला पळ्या

मला पळण्यातलं कळतं. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही. खरं आहे तर नम्रपणा कशाला? तिवशाजवळच्या आमच्या गावात माझ्या बाबांकडे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणारे बैल होते, आणि पुढे अकोल्याच्या शाळेत मी जन्मभर मुलींना खो-खो शिकवला. त्यामुळे दोन पायांचं असो की चार पायांचं, कोण पुढे निघणार हे मला चालीवरून समजतं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं अमरावतीत येऊन राहिलो तेव्हा हे ज्ञान कोणाच्याच कामाचं उरलं नव्हतं. आमचे हे पेपरातून डोकं न काढता विचारायचे, "आता कोनाले पळवतं तू?" मग एक दिवस अमेरिकेतून मुलीचा फोन आला आणि माझ्या हाताला काम मिळालं.

ती रडत होती. तिकडे नोकरीला लागून तिला वर्ष होत आलं होतं. काम चांगलं, घर चांगलं, पण जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी बसली की तिच्याशी बोलणारं कोणी नाही. सगळे त्यांच्या त्या हातात चेंडू घेऊन पळायच्या फुटबॉलबद्दल बोलणार, ही आपली डब्यात तोंड घालून बसणार. आता तिच्या साहेबानं सांगितलं होतं की ऑफिसच्या लीगमधला एक माणूस नोकरी सोडून गेलाय, त्याच्या जागी हिनं खेळायचं.

"मले त्यातलं काईच समजत नाई, आई. हासतीन सारे. मी दिवाळीनंतर परतच येऊन जाते."

"ये ना. घर तुहंच हाय," मी म्हटलं. "पन लोक हासतीन म्हनून येशीन, तर मी दारात उभी नाई करनार."

बोलले खरी, पण शेवटी एकुलती एक पोरगी. ती परत यावी असं मला रोज वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण अशी मान खाली घालून नको. हरून घरी आलेलं माणूस मग घरातल्या प्रत्येक खुर्चीत हरल्यासारखंच बसतं. शाळेत मी अशा मुली पाहिल्या आहेत. हौसेनं यावं, कंटाळून यावं, पण भिऊन येऊ नये. दुसऱ्या दिवशी मीच तिला फोन केला आणि म्हटलं, मला तो खेळ समजावून सांग.

खेळ तसा सोपा निघाला. ऑफिसातली माणसं पाळीपाळीनं खरे खेळाडू निवडतात. एकानं घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही. मग दर रविवारी ते खेळाडू खऱ्या मैदानावर जे काही करतात, त्याचे गुण निवडणाऱ्याच्या नावावर चढतात. आपण घरी सोफ्यावर. निवडलेल्यांतून दर आठवड्याला मोजकेच उतरवायचे, बसवून ठेवलेल्याचे गुण मोजत नाहीत. त्या खेळात चेंडू पोटाशी धरून गर्दीतून धावणारा एक गडी असतो, त्याला रनिंग बॅक म्हणतात. मी त्याला पळ्या म्हणते. हे पळ्ये म्हणे लवकर संपतात. नावाजलेले पहिल्या दोन-तीन पाळ्यांतच उचलले जातात, आणि मग मागे उरलेल्या गाळातून ज्याला चांगला पळ्या सापडला तो जिंकला.

"गाळातून?" मी म्हटलं. "मंग हे तर माहेरचंच काम झालं."

बाबांची गोष्ट सांगायलाच हवी. एकदा बाजारातून त्यांनी एक बैल आणला, तर सारं गाव हसलं. त्या वर्षी तो बैल प्रत्येक पटात मागे राहिला होता. छकडा हाकणारा धुरकरी सुद्धा म्हणाला, या आळशाला नांगराला जुंपा. बाबांनी त्याला आमच्या तांबड्या बैलाच्या जोडीला जुंपला आणि तो असा सुटला की गावानं तोंडात बोटं घातली. मी तेव्हा परकरातली पोर. विचारलं, तुम्हाला कसं कळलं? बाबा म्हणाले, "बैल काय पाहतं? जुवाच्या दुसऱ्या बाजूले कोन होता थे पाह." त्याचा आधीचा जोडीदार म्हातारा होता. तो याला ओढून धरत होता आणि बदनामी याची होत होती.

आता हे पळ्येही एकटे पळत नाहीत. त्यांच्यापुढे पाच धिप्पाड गडी असतात, ते समोरच्याला ढकलून वाट फोडतात. वाट फुटली तर पळ्या पळणार, नाहीतर जागच्या जागी चेंगरणार. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव मात्र पळ्याचं येतं. बाप्पा! हे मला पहिल्या दुपारीच दिसलं. मग मी महिनाभर दुपारची झोप सोडली आणि टीव्हीवर मागच्या वर्षीचे सामने पाहिले. यांची बातम्यांची वेळ गेली म्हणून हे कुरकुरायचे. मी म्हटलं, बातम्या काय, उद्याही वाईटच असणार आहेत.

माझा एक नियम ठरला. पळ्या किती धावला हे बघायचंच नाही. आधी त्याच्या पुढचे पाच बघायचे. मागच्या वर्षी ते कच्चे होते आणि या वर्षी नवे, दणकट आले असतील तर तो पळ्या आपला. त्याच्या संघात त्याच्याआधी नंबर असलेला एखादा थकलेला मोठा पळ्या असेल तरी आपला, कारण थकलेला कधीतरी बसणारच. आणि पडताना बघायचं. काही जण धक्का बसला की मागे पडतात, काही पडतानाही पुढे पडतात. पुढे पडणाऱ्याची भूक संपलेली नसते.

निवडीचा दिवस तिकडे रविवारची संध्याकाळ, आमच्याकडे सोमवारची सकाळ. बाहेर गल्लीत तान्या पोळ्याची पोरं लाकडी बैल घेऊन बोंबलत फिरत होती आणि मी फोनवर व्हिडिओ लावून बसले होते. पहिल्या पाळ्यांत मुलीनं चार लोकांना माहीत असलेली नावं घेतली. ठीक. मग सगळ्यांचे ठरवलेले पळ्ये संपले, माणसं चाचपडायला लागली आणि मी म्हटलं, "आता थो घे."

"आई, थो मांगच्या वर्षी काईच धावला नाई!"

"धावला नाई, त्याले धावू देल्लं नाई. त्याच्या पुढचे पाचाचे तीन बदलले. घे म्हनतो ना मी!" मी रागावले की बाबांसारखी बोलते.

तिनं घेतला. तिकडे जमलेल्यांतलं कोणीतरी मोठ्यानं हसलं, ते मला इथं अमरावतीत ऐकू आलं. मुलीचा चेहरा एवढासा झाला. माझं डोकं असं तापलं की अगदी शेवटच्या पाळीत मी अजून एक घ्यायला लावला, म्हाताऱ्या मोठ्या गड्याच्या मागे बसलेला कोवळा पळ्या, ज्याचं नावही त्या लोकांना धड माहीत नव्हतं. पुन्हा हशा. हसा म्हटलं, हसा भल्ले.

पहिले काही आठवडे काही झालं नाही. मुलगी फोनवर गप्प असायची आणि मी मुद्दाम इकडचं तिकडचं बोलायची. नवरात्राच्या सुमारास आमचा तो मागच्या वर्षी न धावलेला गडी सुटला. काय सुटला! समोर दार उघडल्यासारखी वाट, आणि हा त्यातून नाक वर करून. मी सोफ्यावरून उठून ओरडले तर खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून वर आली. तिला काय सांगणार? तिला चहा पाजला.

पुढच्या सोमवारी मुलीचा आवाज वेगळा होता. जेवणाच्या सुट्टीत साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आला होता. तुला हा कसा काय ओळखू आला, म्हणे. तिनं सांगितलं, माझ्या आजोबांकडे बैल होते. मग तिला फोनवर शंकरपटाचे व्हिडिओ दाखवावे लागले आणि अर्धं ऑफिस तिच्या खुर्चीभोवती जमलं. "आई, त्यायले लय मजा आली. छकड्यावर माणूस उभा कसा राहते, हेच इचारत होते सारे." ती हसत होती. किती दिवसांनी हसली होती! मी फोन ठेवून मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण यांच्यासमोर रडले असते तर वर्षभर ऐकावं लागलं असतं.

दिवाळी आली आणि गेली. परत येण्याचं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. तिचा संघ वर वर सरकत होता. दर सोमवारी सकाळी आमची बैठक व्हायची. मी सांगायचे, ती ऐकायची. मला त्या बैठकीची चटक लागली होती, हे आता लिहिताना कबूल करायला काय जातं? रविवारी संध्याकाळपासूनच मी घड्याळाकडे बघायची.

डिसेंबरच्या शेवटी ती अंतिम सामन्यात पोचली. समोर तिचा साहेबच. आणि नेमकी तेव्हाच आमची जुंपली.

आमच्या त्या गड्यापुढच्या पाचांपैकी दोघं जखमी होऊन घरी बसले होते. मुलगी म्हणाली, "आई, मी या वेळी याले बसवून ठेवते. शेवटच्या पाळीतला थो कोवळा घेते. त्याचा म्हतारा आता खेळत नाई, सारे चेंडू त्यालेच भेटतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यानं इथवर आणलं त्याला शेवटच्या दिवशी बसवायचं? आमच्या घरी पट मारलेल्या बैलाला पुढच्या पटात घरी बांधून ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. त्याला झूल घालून, शिंगं रंगवून, सगळ्यांच्या आधी नेतात. हरला तर हरला, पण नेतात. बाबांनी कधी त्यात कसूर केली नाही.

"ज्याच्या पाठीवर बसून आली त्यालेच हाकलतं काय?" मी म्हटलं. "काही लाज?"

"आई, थो बैल नाई."

"तुले काय समजते त्यातलं?"

"तूच सांगतलं ना, आधी पुढचे पाच पाह्यचे म्हनून."

फोन यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. मागून यांचा आवाज येत होता, "जाऊ दे ना माय, तुह्या आईचं डोकं गरम हाय, करशीन थे कर."

सोमवारी सकाळी अमरावतीला हाडं गोठवणारी थंडी होती. मी शाल पांघरून टीव्हीपुढे बसले आणि पुढ्यात तुरीच्या शेंगा घेतल्या सोलायला, हाताला चाळा म्हणून. फोनात तिचा संघ उघडून पाहिला तर तिनं तेच केलं होतं जे म्हणाली होती. आमच्या गड्याला बसवून ठेवलं होतं. त्या कोवळ्याचा सामना मी झोपलेली असतानाच आटपला होता आणि त्याच्या नावापुढे गुणांचा ढीग होता; साहेबाचे सगळे गडी खेळून झाले होते आणि तो मागे पडला होता. आता फक्त आमच्या गड्याचा सामना उरला होता, आणि त्याचे गुण कोणाच्याच कामाचे नव्हते. तरी मी पाहिला. वाटत होतं, पळ रे बाबा, या पोरीला दाखव.

तो पळालाच नाही. पळणार कुठून? पुढे नवखी पोरं उभी केलेली, ती उलट त्याच्याच पायात येत होती. दरवेळी तो भिंतीवर आपटल्यासारखा आपटायचा आणि तरी पडताना पुढेच पडायचा. मला त्याची दया आली. अर्धा सामना होईपर्यंत शेंगा संपल्या आणि माझा रागही संपला. पोरगी बरोबर होती. तिनं माझाच नियम धरला होता आणि मी बैलाच्या प्रेमात पडून बसले होते. हे चहा घेऊन आले, टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हारला काय तुहा?"

"माहा हारला. तिचा जिकला," मी म्हटलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी यांच्या वाटचा चहाही पिऊन टाकला. माझं न ऐकता जिंकली कार्टी!

मग मी फोनची वाट पाहिली. दर सोमवारची वेळ झाली, टळून गेली. नऊ वाजून गेले. यांनी आंघोळ केली, बाजारात गेले, पिशवी भरून परत आले. रागावली असेल, म्हटलं. एवढ्या मोठ्या सामन्याआधी मी तिची लाज काढली होती. शेवटी राहवेना तेव्हा मीच फोन लावला.

तिनं उचलला आणि आधी नुसता गोंगाटच ऐकू आला. भांडी, गाणी, चार-पाच माणसांचं एकदम बोलणं. तिच्याकडे रात्र झालेली होती. ती साहेबाच्या घरी होती, सगळे तिथंच जमले होते सामना पाहायला, तिला मुद्दाम घ्यायला कोणीतरी घरी आलं होतं.

"आई! जिकली मी! पाह्यलं ना तू?"

"पाह्यलं. बरोबर केलं तू. मी चुकली."

"काय? ऐकू नाई आलं, आई, इथं लय आवाज हाय."

मी पुन्हा म्हणणार तेवढ्यात पलीकडून कोणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारली. ते नाव त्यांना नीट म्हणता येत नव्हतं, पण मोठ्यानं आणि हसत मारलेली हाक होती, आणि ती लगेच इंग्रजीत काहीतरी ओरडून हसली. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही.

"आई, मी मंग करते फोन, हे लोक बलावून राहिले मले," ती म्हणाली.

मी "कर" म्हणेपर्यंत तिनं फोन ठेवलासुद्धा होता.