कॅमेऱ्यातून मी बोललेच नव्हते

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. अमरावतीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. नातेवाइकांत माझी ओळख "नेट बंद पडलं की हिला फोन लावा" एवढीच आहे. कुणाचा राउटर, कुणाचा स्मार्ट टीव्ही, कुणाचा मोबाइलवरून चालू न होणारा बल्ब... सगळ्यांना माझं उत्तर ठरलेलं — बंद करा, जरा थांबा, चालू करा. बहुतेकांचं तेवढ्यावरच भागतं. ज्याला कारण नाही असा बिघाड नसतो, हे मी मुलांना इतकी वर्षं शिकवत आले. त्यामुळे खालचं वाचून कुणी म्हणालं की बाई, तुमचंच काहीतरी तपासायचं राहिलं असेल, तर मला राग येणार नाही. राहिलेलं सापडलं तर सांगा, उपकार होतील.

माझे बाबा अकोल्याला एकटे राहायचे. गोरक्षण रोडच्या आतल्या गल्लीत आमचं बैठं घर आहे, पुढे ओटा आणि मागे छोटं अंगण. बाबांची भाजीबाजारात अडत होती. जन्म सगळा लिलाव बोलण्यात गेला, त्यामुळे आवाज असा की अकोल्याहून फोनशिवायही ऐकू यावा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. दादा पुण्याला, मी इथे. मागच्या उन्हाळ्यात बाबा ओट्यावर चक्कर येऊन पडले. शेजारच्या नलूकाकूंनी पाहिलं म्हणून निभावलं. त्यानंतर दादा आणि मी हट्टालाच पेटलो — आता एकटं राहायचं नाही, अमरावतीला चला. बाबा कसले ऐकतात. शेवटी तडजोड म्हणून घरात वायफाय घेतलं, हॉलमध्ये कॅमेरा लावला. मी मोबाइलवरून बघणार, आणि कॅमेऱ्याला स्पीकर होता म्हणून बोलणारही. शब्द बाबांनीच दिला होता, "थो चालू हाये तवर मी अठीच. बंद पडला त घेऊन जाय मले."

थंडीभर सगळं सुरळीत चाललं. ऊन तापायला लागलं आणि कॅमेरा दुपारचा ऑफलाइन जायला लागला.

एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरचा कॅमेरा बंद पडला की काय होतं, ते ज्यांचे आईवडील दूर आहेत त्यांनाच कळेल. स्क्रीनवर ते गोल गोल फिरत राहतं आणि आपण त्याकडे बघत राहतो. फोन लावावा तर बाबा दुपारी फोन उशीखाली ठेवून झोपणार. मी लॅबमध्ये मुलांना काहीतरी सांगत असायची आणि डोळे मोबाइलकडे. संध्याकाळी नेट आपोआप यायचं. बाबा खुर्चीत बसून चहा पिताना दिसायचे आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

घरी बसून जे जे करता येतं ते सगळं केलं. वायफायचा चॅनल बदलला, पासवर्ड बदलला, राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. नेटवाले भाऊ दोनदा जाऊन आले. ते सकाळी जायचे आणि सकाळी सगळे दिवे हिरवे. त्यांचं म्हणणं, अकोल्याच्या उन्हात माणूस टिकत नाही, राउटर काय टिकणार. बाबांना विचारलं की एकच उत्तर, "म्या कायले हात लावू त्याले?" मला मात्र वाटायचं, हे असंच चाललं तर त्यांच्याच शब्दावर त्यांना घेऊन यावं लागेल. आणि ते घर सोडून बाबा किती दिवस काढतील, याचीही भीती वाटायची. म्हणजे नेट बंद राहिलं तरी काळजी, आणि बंद पडलं म्हणून त्यांना आणलं तरी काळजी.

मे महिन्यातली ती दुपार. सकाळी अकरालाच कॅमेरा गेला होता, नेहमीपेक्षा लवकर. जेवणाच्या सुट्टीत फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. नलूकाकूंना फोन केला आणि म्हटलं, काकू, जरा बाबांकडे डोकावता का? त्या फोन कानाला लावूनच निघाल्या. त्यांच्या चपला वाजत होत्या, फाटक करकरलं आणि लगेच काकूंचा आवाज आला, "अहो भाऊ, असे उन्हात काहून बसले?"

बाबा ओट्यावर बसले होते. भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून. काकूंनी फोन त्यांच्या हातात दिला तर माझ्यावरच उखडले.

"तूच त म्हतलं ना, कूलरले हात लावू नका, बाहीर जाऊन बसा म्हनून. बसलो. आता फोनवर फोन काहून करून राहिली?"

मी म्हटलं, बाबा, मी कधी म्हटलं?

"आत्ताच. त्या कॅमेऱ्यातून."

मी काकूंना एवढंच म्हटलं की आत कुणी काही शिवू नका आणि गल्लीच्या तोंडाशी वायरमनचं दुकान आहे, त्याला बोलवा. तो आला. टेस्टर लावला तर कूलरच्या लोखंडी पत्र्यात करंट उतरलेला. मोटरची वायर पाण्यात सोललेली होती. खाली ओली फरशी, शेजारी भरलेली बादली. आमच्या भागात दर उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी टाकताना माणसं जातात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. वायरमन म्हणाला, पत्र्याला हात लागला असता तर खेळ खलास होता.

मग मी काकूंना व्हिडिओ कॉल करायला लावला आणि म्हटलं, राउटर दाखवा. एकही दिवा लागलेला नव्हता. त्याचा प्लग जमिनीवर पडला होता आणि त्याच्या जागी बोर्डात कूलरच्या मोटरची दोन पिनांची वायर खोचलेली. हे बाबांचं रोजचं काम! खिडकीजवळ बोर्ड एकच. दुपारी कूलर लावायचा म्हणून राउटर काढायचा, संध्याकाळी कूलर बंद केला की राउटर पुन्हा खोचायचा. 'हात लावणं' म्हणजे बटणं दाबणं, प्लग काढणं म्हणजे हात लावणं नव्हे, असा त्यांचा हिशोब. महिनाभर मी अमरावतीत बसून चॅनल बदलत होते.

एक कोडं सुटलं. पण मग त्या दुपारी राउटर बंद असताना कॅमेऱ्यातून बोललं कोण?

कॅमेऱ्याला वीज होती, त्याचा प्लग दुसरीकडे होता. पण नेट नव्हतं. नेटशिवाय माझा आवाज तिथे पोचूच शकत नाही. आणि मी बोललेच नव्हते! कॅमेरा ऑफलाइन असताना बोलायचं बटण दाबताच येत नाही. शेजारच्या कुणाचा आवाज म्हणावा तर काकूंचं दार बंद होतं आणि बाबांच्या कूलरमध्ये करंट आहे हे कुणाला ठाऊक असणार?

त्याच संध्याकाळी अकोल्याला गेले. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असतं, नेट नसलं तरी त्यावर रेकॉर्डिंग होत राहतं. ते काढून लॅपटॉपला लावलं. व्हिडिओत बाबा बादली घेऊन येतात, ती खाली ठेवतात आणि कूलरकडे हात नेतात. तिथेच थांबतात. मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. कुणी काही सांगत असावं तसं ऐकत राहतात. मग म्हणतात, "बरं. जातो." दुपट्टा उचलतात आणि बाहेर जातात. मधल्या वेळात कूलरच्या पंख्याच्या घरघरीशिवाय काहीही नाही. मी ते इअरफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. दादाला पाठवलं. तो म्हणाला, कॅमेरा स्वतःच्या स्पीकरचा आवाज रेकॉर्डिंगमधून गाळून टाकतो, म्हणून आवाज नाही याचा अर्थ कुणी बोललं नाही असा होत नाही. त्याचं बरोबर आहे. पण त्यामुळे मला बरं वाटायच्या ऐवजी आणखीच कसंतरी झालं.

वायरमनकडून राउटरला वेगळा पॉइंट करून घेतला. लोखंडी कूलर भंगारात दिला, प्लास्टिकचा आणला. नेट दिवसभर राहायला लागलं. आता सगळं ठीक व्हायला हवं होतं ना? पण बाबांच्या बोलण्यात मधूनमधून यायला लागलं — तू सकाळी आठवण करून दिली म्हणून बीपीची गोळी घेतली... तू म्हटलं म्हणून गॅस पाहिला, खरंच चालू राहिला होता. मी ऐकायची आणि हं हं करायची. कारण त्यातलं एकही मी बोलले नव्हते.

आधी वाटलं, कुणीतरी कॅमेरा हॅक केलाय. राउटरला कोण कोण जोडलंय ते रोज तपासायची. बाबांचा फोन, टीव्ही आणि कॅमेरा, चौथं कुणी नाही. डॉक्टरांना दाखवलं, कान आणि डोकं दोन्ही. ते म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. तो आवाज जे सांगत होता ते सगळं भल्याचंच होतं, हे मलाही दिसत होतं. पण आज गोळी घ्या सांगणारा उद्या काय सांगेल? बाबा तर माझाच आवाज समजून डोळे मिटून ऐकत होते. विहिरीत उतरा म्हटलं तर उतरतील, असं यायचं मनात. लॅबमध्ये कुणी मागून हाक मारली तरी मी दचकायला लागले.

शेवटी एका रविवारी जाऊन तो कॅमेरा काढला. दुसऱ्या कंपनीचा नवा लावला आणि राउटरही बदलला. बाबा खुर्चीत बसून बघत होते. जुना कॅमेरा मी पर्समध्ये टाकून घेऊन आले.

त्यानंतर ते "तू म्हतलं" बंद झालं. मी सुटकेचा श्वास सोडला. आठवडाभर रोज त्या नव्या कॅमेऱ्यात बघायची. बाबा हॉलमध्ये बसलेले असायचे, टीव्ही बंद. मी बोलले की हो, नाही, एवढंच. आणि एक दिवस सकाळी त्यांचा फोन आला, "बॅग भरली. न्यायले ये."

वर्षभर हातापाया पडलो तेव्हा न हललेला माणूस! मी गाडी घेऊन गेले. येताना मूर्तिजापूर मागे पडलं. मग मीच विषय काढला, कारण मनात ठेवून माझी झोप उडाली होती. म्हटलं, बाबा, रागवू नका, पण कॅमेऱ्यातून तुम्हाला सांगायचं ना... ते मी नव्हते.

"मले माईत हाये," बाबा म्हणाले.

मी गाडी बाजूला घेतली.

"माह्या पोरीचा आवाज मले समजत नाई का? पहिल्याच दिवशी समजलं."

मग माझं नाव का सांगत होतात, असं विचारलं तर म्हणाले, "दुसरं कोनी बोलते म्हतलं असतं त तुमी दोघंई मले येडा ठरवून घेऊन आले असते."

मला एकदम आई आठवली. घाबरत घाबरतच विचारलं, आईसारखा होता का आवाज? त्यावर बाबा चक्क हसले. "छ्या. तुही माय इतकं गोड कधी बोलली वं माह्यासंगं?"

"मग कोण होतं?"

"म्या नाई विचारलं. बरं सांगे, म्हनून मी आयको." थोडा वेळ त्यांनी बाहेर बघितलं. रस्त्याच्या कडेचं कापूस वेचून झालेलं पळाटीचं रान ओसाड पडलं होतं. "संध्याकाळी जेवले काय, म्हनून विचारे. तूनं थो डबा बदलला आन् बोलनं बंद झालं. मंग त्या घरात मी एकटा काय करू?"

मी गाडी चालू केली. मला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती. दोन्हीतलं कशासाठी काय, ते सांगता येणार नाही.

आता बाबा इथे आमच्याकडे असतात. तब्येत बरी आहे. दादाचं म्हणणं, एकटेपणामुळे भास होत होते, इथे आले आणि थांबले. असेल. पण भासाला पत्र्यातला करंट कसा कळला, हे तो सांगत नाही, मलाही सांगता येत नाही. मी सगळं तपासलंय. ज्याला कारण नाही असा बिघाड नसतो, हे वाक्य मी हल्ली वर्गात म्हणत नाही.

परवा जेवताना बाबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, थो जुना कॅमेरा फेकला काय? मी हो म्हटलं. खोटं बोलले, तो माझ्या कपाटात आहे. लावला आणि तो बोलला तर मी काय करीन, ते मला माहीत नाही. पण खरी भीती दुसरीच आहे. बाबा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतील, आणि तो काहीच बोलणार नाही.