बंद पडद्यातली ज्योत

दुकानाच्या भिंतीवरील सगळ्या टीव्हींवर एकच समुद्र उसळत होता. लेकीने एका एलईडीवर हात ठेवला. "बाबा, हा घ्या. ह्याच्यात प्रतिबिंब पडत नाही. तो ओएलईडी म्हणजे नुसता आरसा!"

"दोन्ही जरा बंद करता का?" मी विक्रेत्याला संकोचाने विचारले.

"अहो बाबा, टीव्ही चालू करून बघतात!" लेक हसली.

आमच्या घरी दिवेलागणीला टीव्ही बंद करण्याची रीत होती. लेकीची आई समई लावीत असे, आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून बसलेल्या मला काळ्या काचेत आधी ज्योत, मग तिचे जोडलेले हात दिसत. ती गेल्यापासून समई मी लावतो आणि आता नादुरुस्त झालेल्या त्याच टीव्हीसमोर येऊन बसतो. कधी कधी ज्योतीमागे काही हलल्याचा भास होतो. मी वळून पाहत नाही.

दोन्ही पडदे विझले. एलईडीत केवळ राखाडी स्तब्धता उरली. दुसऱ्यात मी होतो, लेक होती, आणि आम्हां दोघांमध्ये एका माणसापुरती मोकळी जागा होती.

लेकीचे हसू मावळले. ती पडद्याकडे पाहत हळूच म्हणाली, "बाबा, हाच घेऊ या."