रणगाड्यावरचा चिखल

सकाळी बस्तीतून, म्हणजे जैन देवळातून, दर्शन घेऊन आला की बाबगोंडा चौगुले आधी शटर उघडत नसे. दारात उभ्या असलेल्या पहिल्या गाडीपाशी जाई, मडगार्डच्या आत नख घाली, निघालेला चिखल चिमटीत चुरडी आणि नाकाशी नेई. मग स्वतःशीच म्हणे, "चिकोडीकडचा." किंवा, "तांबडा हाय. खानापूर." गाडीवाल्याला तो कुठून आलात हे कधी विचारत नसे. विचारलं की मजा गेली.

निपाणीबाहेर, हमरस्त्याच्या कडेला त्याचं गाड्या धुण्याचं सेंटर होतं. रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा चौगुल्यांच्या मळ्यातला विहिरीकडचा तुकडा त्यात गेला, विहिरीसकट. उरलेल्या टोकावर पत्रा टाकून बाबगोंडानं हा धंदा मांडला. सरकारनं काळ्या मातीवर डांबर घातलं आणि त्या डांबरावरून येणाऱ्या गाड्यांची माती काढायचं काम बाबगोंडाला मिळालं. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी याला विकास म्हटलं. मराठीत म्हटलं आणि कन्नडमध्येही म्हटलं, त्यामुळे शंका घ्यायला जागा राहिली नाही.

रस्ता खणायचं मशीन यायच्या आदल्या दिवशी त्यानं त्या तुकड्यातली माती बिस्किटाच्या एका डब्यात भरून आणली आणि माळ्यावर ठेवली. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याची बायको राजमती दर दिवाळीला तो डबा खाली काढी, पुसून परत वर ठेवी. तिनं कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही.

पुढे बाबगोंडाला रक्तदाब निघाला. डॉक्टर म्हणाले, मन कशात तरी रमवा. पुण्यात नोकरीला असलेल्या वृषभनं बापाचं मन रमावं म्हणून कुरिअरनं एक खोकं धाडलं. राजमतीला वाटलं, पाय चेपायचं मशीन असेल. निघाला रणगाडा, तोही अख्खा नव्हे, सुट्या भागांचा. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेली चाकं, झाकणं, खिळ्यांच्या टोपीएवढे दिवे. सगळं कापायचं, घासायचं, चिकटवायचं आणि रंगवायचं. सोबतचा सूचनांचा कागद जपानी भाषेत होता. या भागात असा कागद बहुधा पहिल्यांदाच आला असेल, ज्याबद्दल मराठी-कन्नड दोन्हीकडच्या कुणाचीच तक्रार नव्हती.

अहिंसेचं घर, आणि त्यात रणगाडा. राजमतीला ते पटेना. ती बस्तीतल्या उपाध्यांना विचारून आली. उपाध्यांनी बराच विचार केला. हिंसा भावात असते, म्हणाले, आणि प्लास्टिकच्या तोफेला भाव नसतो. तेव्हा हरकत नाही. फक्त त्या खोक्यातला बारीक ब्रश खारीच्या केसांचा दिसतोय, तो घरात नको. अशा रीतीनं तोफ घरात राहिली आणि ब्रश बाहेर गेला. बाबगोंडानं नायलॉनचा ब्रश आणवला. त्याची टोकं फाकत, पण मन स्वच्छ राही.

पाण्याची बंदूक धरून राठ झालेल्या बोटांना चिमटा धरणं सुरुवातीला जमेना. एक चाक उडून फडताळाखाली गेलं ते दोन दिवसांनी राजमतीच्या केरसुणीला लागलं. मग हळूहळू हात बसला. आलागेला प्रत्येक जण रणगाडा बघून एकच विचारी, "चालतंय का?" चालत नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, सेल कुठं घालायचे. एका ट्रॅक्टरवाल्यानं ॲव्हरेज विचारलं. नाही चालत, नाही वाजत, असल्या वस्तूपायी शहाणा माणूस डोळे फोडून घेतोय, याचं निपाणीला मनापासून वाईट वाटलं.

रंग दिला, आणि बाबगोंडाचाच हिरमोड झाला. रणगाडा हिरवागार, गुळगुळीत, शोरूममधून आत्ताच काढल्यासारखा. जत्रेतल्या खेळण्यात आणि त्याच्यात फरक उरला नव्हता. तो दुकानात आणून ठेवला होता तेव्हाच बेळगावचे डॉक्टर नागेंद्र गाडी धुवायला थांबले. टिळकवाडीत त्यांचा दातांचा दवाखाना. आठवडाभर लोकांचे दात चकचकीत करायचे आणि रविवारी छोट्या रणगाड्यांवर गंज चढवायचा, हा त्यांचा छंद. त्यांनी रणगाडा उलटासुलटा करून बघितला. जोडणी सुरेख आहे, म्हणाले, पण खरी कला पुढेच आहे. नवं ते जुनं दिसलं पाहिजे. धूळ, ओरखडे, चिखल. याला वेदरिंग म्हणतात. त्यांच्या मंडळाचं प्रदर्शन दसऱ्यानंतरच्या रविवारी होतं. तिथं हा घेऊन यायचाच.

डॉक्टर गेल्यावर पाइप गुंडाळता गुंडाळता सेंटरवरचा गडी यल्लाप्पा म्हणाला, "अण्णा, दिवसभर लोकांचा चिखल काढायचा आन् घरी जाऊन आपला लावायचा. ह्येचं बी दुकान काढूया की."

बाबगोंडा हसला नाही. त्याला माळ्यावरचा डबा आठवला होता.

माती त्यानं राजमतीच्या जुन्या ओढणीतून गाळली. पांढऱ्या गोंदात पाणी घालून त्यात कालवली आणि फाकलेल्या नायलॉनच्या ब्रशानं थरावर थर दिले. पट्ट्यांवर ओला, काळा, चिकट. वर अंगावर वाळून फिकट पडलेला. मागच्या बाजूला शिंतोडे. त्या तुकड्यातून बैलगाडी बाहेर निघे तेव्हा चाकाला माती कशी बसे, ते त्याच्या बोटांना ठाऊक होतं. डबा तळाला गेला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कशाचा तरी लोभ सुटला. बक्षिसाचा नव्हे. त्या प्रदर्शनात एका तरी माणसानं वाकून बघावं, न सांगता ओळखावं आणि म्हणावं, हा निपाणीचा काळा चिखल. एवढंच हवं होतं. बघणाऱ्याला माती निपाणीची एवढं कळलं तरी पुरे, विहिरीचं आपलं आपल्याजवळ.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी सेंटरवर पहाटेपासून रांग. सायकलीपासून जेसीबीपर्यंत सगळं धुवून, पुसून, हार घालून पूजेला जातं. आदल्या दिवसापर्यंत चिखल अंगावर मिरवणाऱ्या गाडीलाही या दिवशी लाज वाटते. बाबगोंडा नखशिखांत भिजला होता. कामातून मान वर झाली तेव्हा दुपार कलली होती.

घरी देवघरासमोर पाट मांडला होता. पाटावर विळी, कात्री, शिलाई मशीन, वृषभचा जुना कंपास. पिढ्यान्‌पिढ्या चौगुल्यांच्या खंडेपूजेला शस्त्र म्हणून विळीच असायची. यंदा घरात खरंखुरं शस्त्र आलं होतं, ते राजमतीनं मधोमध मांडलं होतं. रिठ्याच्या पाण्यात भिजवून, दात घासायच्या जुन्या ब्रशानं फटीन्‌फट घासून. वर हळदकुंकू, तोफेच्या नळीत झेंडूचं फूल. चिखलाचा कण नव्हता. हिरवागार रणगाडा पुन्हा शोरूमच्या दारात उभा होता.

"कसा दिसतोय?" राजमतीनं विचारलं. वर्षाच्या सणात तिनं ओतलेला जीव तिच्या तोंडावर दिसत होता.

"स्वच्छ," बाबगोंडा म्हणाला, आणि पाय धुवायला गेला.

नवीन थर द्यायला डब्यात माती उरली नव्हती, आणि दुसरीकडची माती लावायला त्याचा हात धजेना. जायचंच नाही, असंही त्यानं ठरवून बघितलं. पण नागेंद्र डॉक्टरांनी नावाचं कार्ड छापून ठेवलं होतं. नाव छापलं गेलं की आपल्याकडे माणसाला जावंच लागतं.

टिळकवाडीतल्या त्या हॉलच्या दारात फलकावर कोणती भाषा वर घ्यायची यावर मंडळाची सकाळ गेली होती. शेवटी दोन दारांना दोन फलक लावले आणि उद्घाटन खिडकीपाशी झालं. उद्घाटकांनी पहिल्याच टेबलावर विचारलं, "चालतं का?" आत वकील, इंजिनिअर, डॉक्टर, सगळ्यांचे रणगाडे चिखलात बुडालेले. रशियाचा चिखल, आफ्रिकेची वाळू, युरोपातलं बर्फ; बाटलीतून आलेलं, परदेशी बनावटीचं. त्या घाणीत बाबगोंडाचा रणगाडा मुंजीतल्या बटूसारखा न्हाऊन बसला होता. लोक थांबत, दया येऊन पुढे सरकत.

परीक्षक एक निवृत्त कर्नल होते, रणगाड्यांच्याच पलटणीतले. भिंग घेऊन ते बाबगोंडाच्या टेबलापाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. तोफेच्या मुळाशी ओलं कुंकू सुकून बसलं होतं. खिळ्यांच्या कडांना हळद. वरच्या झाकणात झेंडूची एक पाकळी अडकलेली.

"बाकीच्यांनी लढाई केलीय," कर्नल म्हणाले. "यांनी दसरा केलाय. आमचे रणगाडे दसऱ्याला असेच दिसायचे."

वेदरिंगचं पहिलं बक्षीस बाबगोंडाला मिळालं. त्यानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं की यातलं त्याचं काही नाही, हे घरच्या मंडळींनी केलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढा मोठा कलावंत आणि किती हा विनय. नागेंद्र डॉक्टरांनी कुंकू कुठल्या पाण्यात कालवलं ते विचारून घेतलं. बाबगोंडा बसस्टँडला पोचायच्या आत मंडळाच्या ग्रुपवर हळद पावडर वापरावी की ओली यावरून दोन तट पडले होते.

घरी पोचला तेव्हा ऊन घराच्या पायरीवरून उतरून अंगणाच्या कडेला गेलं होतं. चौगुल्यांच्या घरी दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे. त्यानं प्रशस्तिपत्र राजमतीच्या हातात दिलं. तुझं हाय, म्हणाला. तिनं ते वाचलं, घडी घातली आणि बराच वेळ पदराशी धरून ठेवलं.

"त्यो चिखल," ती म्हणाली, "विहिरीकडचा हुता न्हवं?"

बाबगोंडानं चपला काढता काढता तिच्याकडे बघितलं.

"बोटाला कळला की. सुटंचना लवकर. तिथं तण भांगलून आलं की नखातनं आसाच निघायचा न्हाय. सणाला गाडी पुजायची म्हंजे धुवाय तर पायजेच, म्हणून धुतली. पर पानी मोरीत सोडलं न्हाय मी. मोगऱ्याला घातलं."

तो उठून अंगणात गेला. मोगऱ्याच्या आळ्यात काळा थर वाळून चिरा पडल्या होत्या. त्यानं नख घातलं, चिमटीत चुरडला, नाकाशी नेला. हात न धुताच आत आला आणि भिंतीला टेकून पाटावर बसला.

"वाढ आता," तो म्हणाला. "दिवस बुडाय लागलाय."